बिग पीट: सात महिने, एक मोडलेलं बूच आणि वाया गेलेली गाळणी

बिग पीट ही स्कॉच व्हिस्की. चौथ्या महिन्यात तिच्या बाटलीचं बूच मोडलं, तेव्हाच रागारागात लिहायला बसलो होतो. बरं झालं थांबलो.

चूक माझीच. ग्लासगोतल्या आमच्या फ्लॅटमधलं कपाट बुटकं, म्हणून बाटली आडवी टाकलेली. वाईन आडवी ठेवतात तशी हीपण चालेल, असं वाटलं. पण ४६ टक्के अल्कोहोल बूच खाऊन टाकतं. अर्धं बूच हातात आलं, अर्धं गळ्यात अडकलं, आणि काढायला गेलो तर त्याचा भुगा आत. चाळीसेक पौंडांच्या व्हिस्कीत रव्यासारखे कण तरंगताना बघायचे!

शेवटी चहाच्या गाळणीतून सगळी मधाच्या रिकाम्या बाटलीत गाळली. गाळणी दोनदा घासली, गरम पाण्यात बुडवून ठेवली. तरी सकाळी बायकोने चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "दूध करपवलंस का रे?"

आता मूळ मुद्दा. हिच्यात स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांची मॉल्ट (मोड आणलेल्या सातूची) व्हिस्की मिसळलेली असते, ग्रेनचा (इतर धान्यांच्या व्हिस्कीचा) थेंब नाही. पहिल्या महिन्यात मला ही अजिबात आवडली नव्हती. नाक जवळ नेलं की पाणी मारून विझवलेली चूल, मागोमाग डांबर आणि दवाखान्यातलं आयोडिन. त्यात बर्फ टाकला तर ग्लास धुरकट झाला. माल खराब निघाला म्हणून परत करायला निघालो होतो. मग कळलं, ही थंड करून गाळत नाहीत, त्यामुळे तेलकट अंश आतच राहतात आणि बर्फ-पाण्याने गढूळ दिसतात. रंगही घालत नाहीत. फिकट गवती दिसते ती म्हणूनच.

बर्फ बंद केला, चमचाभर साधं पाणी सुरू केलं. तेव्हा कुठे धुराच्या मागचं सापडायला लागलं: सातूच्या पिठाचा गोडसरपणा, लिंबाची साल, आणि शेवटी जिभेच्या कडेला मीठ. बोंबील वाळत घातलेल्या दांड्यांजवळून गेल्यासारखं. मिसळलेल्या डिस्टिलऱ्यांपैकी काजळी आर्डबेगची आणि तेलकट लिंबू कूल ईलाचं, असा माझा अंदाज. बोमोर मला वेगळी ओळखता आली नाही. कंपनीच्या यादीत पोर्ट एलनचंही नाव आहे, १९८३ला बंद पडून २०२४मध्ये पुन्हा सुरू झालेली ती डिस्टिलरी. तिचा माल यात किती, ते सांगत नाहीत. आमटीतल्या हिंगाएवढा असावा. त्या नावाखातर घेणार असाल तर घेऊ नका.

मधाच्या बाटलीत गेल्यावर मात्र गंमत झाली. वर हवा भरपूर, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत धूर बसला आणि गोडी वर आली. (बाटलीत मध उरला नव्हता, तपासलं होतं.) शेवटचे सात-आठ पेग सगळ्यात चांगले लागले. पहिल्या महिन्यात पाचात दोन दिले असते, आता चार. पाचवा नाही, कारण बायको अजूनही खिडकी उघडायला लावते.

दुसरी बाटली आणलीय. ती बुटांच्या रॅकशेजारी उभी आहे.

हिशेब: ७०० मिलीत ३० मिलीचे २३ पेग. दीड पौंडाची नवी गाळणी धरून पेग पडला १ पौंड ८० पेन्सला.