ऑन्टारियोत अकरावीला: को-ऑप की पार्ट-टाइम नोकरी?

इथल्या मराठी घरांत मूल अकरावीत गेलं की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक आईबाबा को-ऑपला, म्हणजे शाळेच्याच वेळात बाहेर कामाच्या जागी जाऊन शिकण्याच्या विषयाला, आधीच नकार देऊन बसतात. 'पगार नाही, वर अभ्यासाचा वेळ जातो.' मला हे घाईचं वाटतं.

पैशाचा हिशेब सरळ आहे. दुकानात, कॉफीच्या काउंटरवर पहिल्या दिवसापासून पगार सुरू होतो. को-ऑपमध्ये तो सहसा मिळत नाही, मिळतं ते क्रेडिट: दर 110 तासांना एक. हायस्कूल पूर्ण केल्याच्या डिप्लोमाला 30 क्रेडिट लागतात, म्हणजे हे तास वाया जात नाहीत. घरात पैशाची खरी निकड असेल, तर मात्र नोकरीच बरी.

खरा फरक दारं उघडण्यात आहे. सोळा वर्षांच्या मुलाला दवाखान्यात, वकिलाच्या ऑफिसात किंवा गाड्यांच्या गॅरेजमध्ये कोण उभं करणार? को-ऑपमध्ये शाळा मध्यस्थ असते. शिक्षक जागा शोधायला मदत करतात, भेट देऊन काम कसं चाललंय ते पाहतात, आणि काय शिकलो हे मुलाला लिहून काढावं लागतं. बिनपगारी जागेवर दुखापत झाली तर कामगार विम्याचं संरक्षणही असतं. फक्त त्याचा फॉर्म कामाला लागण्याआधी भरलेला हवा. आणि नर्सिंग आपल्याला झेपणारं नाही, हे फी भरण्याआधीच कळलं, तर तो माझ्या मते को-ऑपचा सर्वांत मोठा फायदा.

अडचण वेळापत्रकाची. दोन क्रेडिटचा को-ऑप साधारण अर्धा दिवस घेतो, चारचा पूर्ण दिवस. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर बारावीत गणिताचे दोन विषय, फिजिक्स, केमिस्ट्री, इंग्रजी हे सगळं बसवावं लागतं. तिथे को-ऑप कोंबू नका. अकरावीचं दुसरं सेमिस्टर किंवा, शाळा देत असेल तर, उन्हाळी को-ऑप बघा. इलेक्ट्रिशियन, प्लंबर व्हायचं असेल तर उलट: चार क्रेडिट घ्या आणि शाळेतल्या गायडन्स काउन्सेलरला 'ओयॅप'बद्दल (ऑन्टारियो यूथ अप्रेंटिसशिप प्रोग्राम) विचारा, कारण त्यात शाळेत असतानाच अप्रेंटिसशिपची सुरुवात करता येते.

एक लक्षात ठेवा, को-ऑपचे तास डिप्लोमासाठीच्या 40 तासांच्या समाजसेवेत धरले जात नाहीत. ते वेगळे करावे लागतात.

दिशा ठरलेली नसेल तर मी दोन क्रेडिटचा को-ऑप निवडेन, आणि शनिवार-रविवारी मुलाला हवी असेल तर नोकरी.