रेकॉर्डिंगवाला डबा घ्यावा का नेटवाला? मराठवाड्यातल्या घरांसाठी

सध्या बरेच जण जुना सेट टॉप बॉक्स बदलायलेत आणि दुकानदार सरळ अँड्रॉइडवाला, म्हणजे नेटवर ॲप चालवणारा डबा पुढं करतो, यात सगळं आहे म्हणतो. पण सुटलेला कार्यक्रम नंतर बघायचे दोन एकदम वेगळे मार्ग आहेत, ते आधी समजून घ्या. एकात छत्रीवरून (डिशवरून) आलेलं चॅनल डबा हार्डडिस्कवर नाहीतर पेनड्राईव्हवर उतरवून ठेवतो, दुसऱ्यात कार्यक्रम कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि आपण तो नेटवरून मागवतो. पहिल्याला ऐन वेळेला लाईट पाहिजे, दुसऱ्याला चांगलं नेट, आणि आपल्याकडं या दोन्हीचा भरवसा गावागावाला वेगळा आहे.

छत्रीवरून सिग्नल फक्त खाली येतो, वर काही जात नाही, त्यामुळं नुसत्या छत्रीवर खरं ऑन डिमांड, म्हणजे मागाल तेव्हा कार्यक्रम, होतच नाही. पूर्वी डीटीएचवाले पैसे घेऊन पिक्चर दाखवायचे तेव्हा तोच पिक्चर ठरलेल्या वेळांना परत परत लागायचा, तुम्ही फक्त तो चॅनल उघडून घ्यायचा. आता ऑन डिमांड म्हणून जे विकतात ते वायफायवरून येतं. घरात वायफाय नसेल तर त्या सोयीचे पैसे देऊ नका.

आधी रेकॉर्डिंगचं बघू, कारण यातल्या बारीकसारीक गोष्टी कोणी सांगत नाही. टाटा स्काय, म्हणजे आत्ताचं टाटा प्ले, यांनी 2008 मध्ये रेकॉर्डिंगवाला प्लस डबा आणला, पुढं एचडीवाल्यात 500 जीबीची हार्डडिस्क आतच असायची. बाकी बऱ्याच डब्यांना मागं युएसबी पोर्ट असतो आणि स्टोरेज आपणच लावायचं. जागेचा हिशोब सोपा आहे, एचडी चॅनल 8 एमबीपीएसनं (सेकंदाला 8 मेगाबिट) येत असेल तर तासाला साडेतीन जीबीच्या आसपास लागतात, 2 एमबीपीएसच्या साध्या चॅनलला एक जीबीच्या आत काम होतं. म्हणजे 32 जीबीच्या पेनड्राईव्हवर एचडी फार तर आठ-नऊ तास, साधं तीसेक तास. मालिकांना तेवढं पुरतं, क्रिकेटची पूर्ण मॅच एचडीत ठेवायची तर हार्डडिस्कच घ्या. पण जुन्या युएसबी पोर्टातून हार्डडिस्कला पुरेसा करंट मिळत नाही, ती कटकट आवाज करत बंद पडते, म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेली बघा. आणि पहिल्यांदा लावली की बरेच डबे ती फॉरमॅट करायला सांगतात, लग्नाचे फोटो असलेली डिस्क चुकूनसुद्धा लावू नका!

दुसरं म्हणजे डब्यात ट्यूनर, म्हणजे छत्रीच्या सिग्नलमधून चॅनल पकडणारे भाग, किती आहेत ते विचारा. एकच ट्यूनर असेल तर एक चॅनल रेकॉर्ड होत असताना दुसरा सहसा बघता येत नाही, आणि संध्याकाळी सात ते दहामध्ये आईची मालिका अन् पोरांची मॅच एकदम लागली की घरात काय होतं ते तुम्हाला माहितीय.

पेड डीटीएचचं रेकॉर्डिंग लॉक असतं, त्याच डब्यावर चालतं, कॉम्प्युटरला लावून उपयोग नाही, अन् रिचार्ज संपला तर बऱ्याच ठिकाणी जुनं रेकॉर्डिंगही उघडत नाही. डबा जळाला आणि बदलून मिळाला तरी आतलं गेलंच. इथं डीडी फ्री डिश मला मनापासून आवडतं. 2004 पासून चालू आहे, महिन्याला रुपया नाही, आणि बाजारातल्या युएसबीवाल्या साध्या डब्यावर सह्याद्रीवरचा शेतीचा कार्यक्रम रेकॉर्ड केला तर तो सहसा कॉम्प्युटरवर पण चालतो. आपल्या गावच्या कीर्तनकाराचा, शाहिराचा कार्यक्रम टीव्हीवर आला आणि तो कायमचा जपायचाय, तर हाच रस्ता धरा. अडचण एवढीच की खाजगी चॅनलच्या जागा लिलावानं जातात, आज आहे ते चॅनल पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

आता नेटवाला डबा. टाटाचा बिंज प्लस 2020 मध्ये आला, एअरटेल एक्स्ट्रीम 2019 मध्ये, यांच्यात छत्री आणि ॲप दोन्ही एकाच रिमोटवर. मालिका सुटली तर काही लावून ठेवायची गरजच नाही, झी मराठीचं झी फाईव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचं जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीचं सोनी लिव्हवर मिळतं, फक्त काहीला वेगळे पैसे लागतात, ते रिचार्जमध्ये धरून बघा. जोराचा पाऊस आला की छत्रीचा सिग्नल जातो आणि त्या वेळचं रेकॉर्डिंग कोरं राहतं, ॲपवरचा एपिसोड मात्र सकाळी जागेवर असतो. पण एचडीला तासाला दोन-तीन जीबी जातात, रोजच्या दीड जीबीच्या हॉटस्पॉटवर हे चालत नाही. आणि अशा डब्यात रेकॉर्डिंग असेलच असं धरून चालू नका, मुद्दाम विचारा.

माझं मत सरळ आहे. संभाजीनगर, लातूर, नांदेडला घरात फायबर असेल तर नेटवाला घ्या, रेकॉर्डिंगच्या भानगडीत पडू नका. किनवटकडं एखाद्या तांड्यावर नाहीतर आष्टीच्या वाडीवर राहत असाल, रेंजसाठी गच्चीवर जावं लागत असेल, तर युएसबी रेकॉर्डिंगवाला डबा अन् सोबत इन्व्हर्टर. घरी फक्त आजी-आजोबा असतील तरी मी रेकॉर्डिंगच म्हणेन, एकदा मालिकेचं रोजचं शेड्यूल लावून दिलं की त्यांना फक्त यादी उघडून बटन दाबायचं असतं, ॲपचे पासवर्ड अन् ओटीपी त्यांना लई छळतात.

घेताना दुकानातच पाच मिनिटं रेकॉर्ड करून दाखवायला सांगा. मग दुसऱ्या दिवसाचं शेड्यूल लावा आणि बोर्डाचं बटन बंद करून परत चालू करा, कारण आपल्याकडं लाईट जाणार आणि आल्यावर काही डबे आपोआप चालू होत नाहीत, काही लावलेलं शेड्यूलच विसरतात. रात्री बोर्डावरून सगळं बंद करायची सवय असेल तर घरच्यांना सांगून ठेवा, डबा रिमोटनंच बंद करायचा.