ओला काळा रंग आणि माझे ३८,५०० रुपये

आधीच सांगतो, मी नवशिका नाहीये. बाबांची ९६ ची काँटेसा गेली १७ वर्षं मीच बघतोय, कार्बोरेटर घरी उघडून साफ करतो, पुण्याच्या नाना पेठेतले निम्मे स्पेअर पार्टवाले दुकानदार मला चेहऱ्याने ओळखतात. तरी फसलो. बायको म्हणते लिहू नको, लोक हसतील. हसा, पण वाचा.

झालं असं की गाडीच्या पॉवर स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे पुढची चाकं वळवणारी दात्यांची दांडी, गळायला लागला. तेलाच्या दाबाने स्टिअरिंग हलकं करणारा पंप पण कण्हायचा, पूर्ण वळवलं की म्हैस हंबरल्यासारखा. त्या पंपाला मागच्याच वर्षी ६,५०० घातले होते, आणि रॅकचं सील किट काही मिळेना, नाना पेठ झाली, जुना बाजार दोन रविवार पालथा घातला. काँटेसा २००२ लाच बंद झाली, त्यामुळे पार्ट मिळणं म्हणजे नशीबच. शेवटी ठरवलं, पॉवर काढून साधं मॅन्युअल टाकून घेऊ, पंप नको, बेल्ट नको, तेल नको. कल्पना चुकीची नव्हती, हे मी आजही म्हणेन. फक्त त्यासाठी नुसता बेल्ट काढून चालत नाही. रॅकच मॅन्युअलचा लागतो, नाहीतर जुना रॅक उघडून आतल्या पिस्टनचं सील काढायचं, व्हॉल्व्हचा टॉर्शन बार (पिळला जाणारा बारीक दांडा) पक्का करायचा आणि ग्रीस भरून बंद करायचा. हे सगळं मला माहीत होतं हो, म्हणून तर स्वतःचाच जास्त राग येतो.

कात्रजच्या बाजूला एक गॅरेजवाला, जुन्या गाड्यांचा स्पेशालिस्ट म्हणून बऱ्याच जणांनी सांगितलेला. म्हणाला, "साहेब, जुन्या स्टॉकमधला मॅन्युअल रॅक आहे माझ्याकडे, एकच पीस, पेटीबंद." एकच पीस म्हटलं की आपण वेडे होतो, हे त्याला बरोब्बर माहीत. रॅक २४,०००, टाय रॉड एंड (रॅक चाकाला जोडणारा सांधा) आणि बूट (रॅकवरचं रबरी कव्हर) ४,८००, लेबर ८,५००, अलाइनमेंट १,२००. एकूण ३८,५००, तेही व्हिजिटिंग कार्डच्या मागे पेनने लिहून. २०,००० ॲडव्हान्स यूपीआयने, तोही मेहुण्याच्या नंबरवर, "माझं लिमिट संपलंय साहेब." मग १०,००० तसेच, उरलेले ८,५०० रोख. तुम्ही मात्र पैसे गॅरेजच्या नावाच्या खात्यावरच टाका, मेहुणा, भाचा, पार्टनर कोणी चालणार नाही.

आता तो क्षण, जो मला रात्री दोन वाजता आठवतो. गाडी रॅम्पवर होती, रॅक बसवून झालेला. मी खाली वाकून हात लावला तर बोटाला काळा रंग लागला. ओला. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "गंज लागू नये म्हणून कोटिंग मारलंय, ताजं आहे." आणि मी मान डोलावली! अहो, पेटीबंद माल, इतकी वर्षं पडून होता ना, मग रंग मारायची वेळ कशाला आली? पेटी कुठेय? जुना रॅक कुठेय? यातलं एकही विचारलं नाही. उलट त्याच्याच फडक्याला बोट पुसलं आणि वर "छान काम केलंत" म्हणालो. माझ्याच गाडीचा गळका रॅक रंगवून मला २४,००० ला विकला होता. दोन्ही तेलाच्या तोंडांना तांब्याची वाकवलेली नळी जोडून मोकळा झाला. पंप काढला आणि तोही स्वतःकडेच ठेवला, "भंगार आहे साहेब." तुम्ही मात्र जुना पार्ट डिकीत टाकून आणा, भंगार असला तरी.

स्टिअरिंग जड झालं तेव्हा वाटलं, मॅन्युअल आहे, असणारच. पण मॅन्युअलला या टोकापासून त्या टोकापर्यंत सहसा जास्त फेरे लागतात, माझ्या गाडीला आधी जेवढे होते तेवढेच. मोजलेच नाहीत मी, नंतर मोजले. वारज्याला वळण घेतलं तर चाक परत सरळ यायला तयार नाही, हाताने ओढून आणलं, मागून पीएमपीएमएलची बस हॉर्न मारतेय. आणि चौथ्या दिवशी पार्किंगच्या फरशीवर लाल थेंब. मॅन्युअल रॅकमध्ये ग्रीस असतं, पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल कुठून आलं?

हडपसरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बूट मागे सरकवला, बॅटरी मारली आणि म्हणाला, "मॅन्युअलला तेलाचं तोंडच नसतं रे बाळा." वय ५१, आणि बाळा. त्याने तपासणीचे ५०० पण घेतले नाहीत.

गॅरेजवाल्याने फोन उचलणं बंद केलं. चौकीत गेलो तर म्हणे गॅरेज आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या चौकीत म्हणे पैसे तुम्ही घरून पाठवले, मग तिकडची हद्द. पुन्हा पहिल्या चौकीत, तिथे नवीन साहेब, त्यांना पहिल्यापासून सगळं सांगा. ते म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे, काम तर केलंय ना त्याने. मग वर मलाच, "स्टिअरिंग बदललंत, परवानगी घेतली होती का?" म्हणजे चोर राहिला बाजूला, आरोपी मीच! पैसे मेहुण्याला गेलेत तर मेहुण्यावर तक्रार द्या, असंही एकाने सुचवलं, मेहुण्याचं आडनाव मला माहीत नाही. एका हेल्पलाइनवर तक्रार टाकली, नंबर आला, आठ दिवसांनी मेसेज, समोरच्याने प्रतिसाद न दिल्याने तक्रार बंद. समोरचा प्रतिसाद देत असता तर तुम्हाला कशाला फोन केला असता मी?

आता ग्राहक आयोगात टाकतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील नसला तरी चालतं, दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. पक्कं बिल माझ्याकडे नाही, यूपीआयचे दोन स्क्रीनशॉट, ते व्हिजिटिंग कार्ड आणि चॅट आहे. तुम्ही बिल घ्या, जीएसटीचे पैसे वाचतात म्हणून कच्च्या चिठ्ठीवर भुलू नका, मी भुललो. आणि रॅक बसवायच्या आधी गाडीचा जुना आणि तो नवा, दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढा.

हडपसरवाला तोच रॅक उघडून नीट मॅन्युअल करून देतो म्हणाला, १४,००० सांगितलेत. तोवर गाडीखाली पत्र्याचा डबा ठेवलाय. बाबा रोज विचारतात गाडी कधी काढतोस, मी सांगतो पार्ट यायचाय.