स्प्रिंगची दोन रबरं आणि माझे 12,880 रुपये

राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय. धायरी-नऱ्हे भागात राहणाऱ्यांनी तरी वाचा. आपले रस्ते तेच आणि गाडीच्या मागून येणारी खडखडही तीच.

माझी हॅचबॅक नऊ वर्षांची. स्पीडब्रेकरवरून मागचं चाक उतरलं की डावीकडून खट् व्हायचं. चार वर्षं ज्याच्याकडे सर्व्हिसिंग करतोय, त्याच्याचकडे गेलो. त्याने डिकी दोनदा दाबून पाहिली. "काका, दोन्ही शॉकअप गेलेत, स्प्रिंगची रबरंही फाटलीत. एकदमच करून घ्या." त्या आठवड्यात आईला रोज फिजिओथेरपीला न्यायचं होतं, गाडी संध्याकाळी हवीच होती. हो म्हटलं.

मागचे शॉकअप दोन, 6,900. स्प्रिंग रबर दोन, 1,280. बंप स्टॉप (मोठ्या दणक्याला चाक वर आपटू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) दोन, 900. लेबर 3,200. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन जुळवणं, 600. एकूण 12,880, यूपीआयने दिले. बिल साध्या कागदावर. जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाही. (मागे बीम ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा असेल तर तिथे सहसा अलाइनमेंटची सोयच नसते. हे मला नंतर कळलं.)

मी सहाला पोहोचलो तेव्हा गाडी अजून जॅकवर होती. चाकाजवळ दोन चिरलेली रबरं पडलेली. "नवी कुठायत?" असं विचारलं तर पोऱ्या म्हणाला, "बसवली, काका." पण स्प्रिंग तर फरशीवर उभी होती! माझ्या गाडीत रबर स्प्रिंगच्या वरच्या टोकावर चढवतात आणि मग स्प्रिंग आत जाते. टोक माझ्या डोळ्यांसमोर उघडं होतं. मग रबर बसवलं कुठे? मी ते बघत होतो, आणि तेवढ्यात आईचा फोन आला म्हणून बाहेर गेलो. दोन मिनिटं तिथेच थांबलो असतो तर पैसे वाचले असते. नंतर मालकाने मला शेजारी बसवून ब्रेकरवरून गाडी नेली, आवाज खरंच बंद होता. चार वर्षांच्या ओळखीच्या माणसावर कोणीही विश्वास ठेवला असता.

तीन आठवड्यांत आवाज परत आला, आता लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. कात्रजच्या एका मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेऊन मला खाली उभं केलं आणि बॅटरी मारली. रबरं नव्हतीच. त्यांच्या जागी जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले होते, तेही झिजून लोंबत होते. स्प्रिंगने बॉडीचा रंग खरवडला होता, तिथे गंज धरला होता. शॉकअप माझेच जुने, वरून काळा रंग मारलेला. रंग नटांवरसुद्धा! वर मिस्त्री म्हणाले, "हे तर चांगले आहेत, तेल कुठेच गळत नाही." नाना पेठेतून 290 ला एक अशी दोन रबरं आणली, 580. लेबर 900. एवढ्यात काम झालं.

जुने पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नव्याचा बॉक्स मागा, बॉक्सवरच्या नंबराचा फोटो काढा.

चौकीत पहिल्यांदा गेलो तेव्हा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा ऐकलं, "ही दिवाणी बाब आहे." अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागितला तर तोही दिला नाही. अहो, न लावलेल्या मालाचे पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? एका हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला आणि एकही फोन न करता 19 दिवसांनी "तक्रार निकाली" असा मेसेज पाठवला. कोणी निकाली काढली, कशी काढली, विचारायला नंबर लागत नाही. तिसऱ्या कचेरीत सांगितलं, गॅरेजं आमच्याकडे येत नाहीत. मग कोणाकडे येतात?

गॅरेजवाला आता म्हणतो, रबरं बसवली होती, कात्रजवाल्याने काढली. म्हणून सांगतो, दुसऱ्याकडे गाडी उघडण्याआधीच व्हिडिओ सुरू करा. मी केला नव्हता, माझ्याकडे फक्त नंतरचे फोटो आहेत. मालासाठी किंवा कामासाठी आपण दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते. तो बिलाचा कागद, यूपीआयची नोंद आणि ट्यूबचे तुकडे एका पिशवीत घालून ठेवलेत. तक्रार या आठवड्यात दाखल करतोय.