बत्तीस लाँग वॉडकटर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बालेवाडीच्या रेंजवर मी सहा वर्षं पॉइंट टू-टूचं (.२२ बोअरचं) पिस्तूल चालवलं. गेल्या पावसाळ्यात सरांनी क्लबचं इटालियन बनावटीचं बत्तीस, म्हणजे .३२ बोअरचं पिस्तूल, हातात दिलं आणि म्हणाले, "सेंटर फायर खेळायचं ना? मग आधी पन्नास राउंड नुसते मार. गुण मोजू नकोस." सेंटर फायर म्हणजे बत्तीससारख्या मोठ्या बोअरच्या पिस्तुलाची २५ मीटरवरची स्पर्धा. तेव्हापासून साधारण अकराशे राउंड झाले. बत्तीस घ्यावं की टू-टूवरच राहावं, असं क्लबातली मुलं सारखी विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी काडतुसाबद्दल. पूर्ण नाव .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, जन्म १८९६चा. नावात बत्तीस असलं तरी गोळीचा व्यास भरतो ०.३१२ इंच, म्हणजे ७.९ मिलिमीटर. एके काळी हे अमेरिकी पोलिसांच्या कमरेला असायचं. पुढे त्यांनी ते सोडलं आणि जगभर ते मागे पडत गेलं. आज ते मुख्यतः दोन ठिकाणी टिकून आहे: २५ मीटर सेंटर फायरच्या स्पर्धेत आणि आपल्याकडे परवान्यावरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये. ९ मिमी आणि .३८ हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, त्यामुळे रिव्हॉल्व्हर म्हटलं की सामान्य माणसापुढे बत्तीसच येतं.

माझ्या मामांकडे कानपूरच्या कारखान्यातलं असं रिव्हॉल्व्हर आहे. श्रीगोंद्याजवळ मळ्यात वस्ती, शेजार लांब, म्हणून त्यांनी परवाना काढला. दर निवडणुकीला ते पोलीस ठाण्यात जमा करायचं आणि नंतर सोडवून आणायचं. मी बत्तीस खेळतो म्हटल्यावर मामा म्हणाले, "अरे, त्याला जोर कुठंय? त्यापेक्षा बारा बोअर बरी." मी म्हटलं, "मामा, कागदाला भोक पाडायला जोर लागत नाही. मला हात जागेवर परत यायला हवा." हे काडतूस मला याच एका कारणासाठी आवडलं.

सेंटर फायरमध्ये ६० शॉट असतात. पहिले ३० प्रिसिजनचे, पाच मिनिटांत पाच. उरलेले ३० रॅपिडचे: टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद लपतं, आणि त्या तीन सेकंदांत खाली धरलेला हात वर आणून एकच गोळी मारायची. नियमाप्रमाणे ७.६२ ते ९.६५ मिमीपर्यंतचा कोणताही बोअर चालतो, म्हणजे .३८सुद्धा. मग बहुतेक नेमबाज बत्तीसच का घेतात? मी वहीत साधा हिशेब मांडला. टू-टूची गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास. बत्तीसची वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची स्पर्धेची गोळी, सव्वासहा ग्रॅमच्या थोडी वर, वेग २२०च्या आसपास. .३८ची वॉडकटर साडेनऊ ग्रॅमची, वेग साधारण तेवढाच. वजन गुणिले वेग केलं तर बत्तीसचा धक्का टू-टूच्या पावणेदोनपट भरतो आणि .३८चा अडीचपट. हातालाही नेमकं तसंच जाणवतं. बत्तीस उडत नाही, मागे सरकतं. सटकन टोचणारा झटका नाही, तळव्यावर एक सावकाश दाब येतो आणि फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, आपोआप मागच्या खाचेत परत बसते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हे अंगात उतरलं, तेव्हा रॅपिडची भीती गेली.

मोठ्या बोअरचं भोक मोठं म्हणून गुण जास्त, हा समज बत्तीसला लागू करू नका. कागदी टार्गेटवर रेषेजवळचा शॉट तपासताना सेंटर फायरसाठी ९.६५ मिमीचाच गेज (भोकात घालायची मापाची पिन) घालतात, बोअर कोणताही असो. म्हणजे बत्तीसवाल्याला .३८च्या भोकाचा फायदा मिळतो आणि धक्का मात्र सोसावा लागत नाही. शिवाय वॉडकटरचं तोंड सपाट असल्यामुळे कागद फाटत नाही, पंचिंग मशिनने पाडावं तसं गोल भोक पडतं. गुणांवरून वाद होत नाहीत.

आता त्रासाचं. पहिले दोन महिने माझे गुण उतरले. टू-टूवर ६००पैकी ५६५-५७०च्या घरात असणारा मी ५४८वर आलो. सरांनी मागे उभं राहून चार सिरीज पाहिल्या आणि एकच वाक्य बोलले: "गोळी नळीत असतानाच तू हात सोडतोयस." गोळी जड आणि संथ, त्यामुळे ती नळीतून बाहेर पडायला टू-टूपेक्षा अंमळ जास्त वेळ घेते. तेवढ्या वेळात मनगट ढिलं पडलं की शॉट खाली डावीकडे जातो. माझं फॉलो-थ्रू, म्हणजे शॉट सुटल्यावरही हात तसाच धरून ठेवणं, कच्चं होतं, आणि टू-टूने ते सहा वर्षं झाकून ठेवलं होतं. दोन महिने फक्त ड्राय फायर (काडतुसाशिवाय घोडा ओढण्याचा सराव) केलं, घोडा पडल्यावर मनात तीन आकडे मोजायचे आणि मगच हात खाली आणायचा. फेब्रुवारीत ५७१ झाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टू-टूचे गुणही वाढले.

दुसरा त्रास मॅगझिनचा. हे काडतूस मुळात रिव्हॉल्व्हरचं, बुडाला कडा असलेलं. पाच राउंड भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढेच यायला हवी, उलटी झाली की दोन्ही अडकतात. एका क्लब मॅचमध्ये रॅपिडच्या चौथ्या शॉटला माझं असंच अडकलं. आता मॅगझिन भरल्यावर मी प्रत्येक राउंड बोटाने पुढे दाबून पाहतो. गोळी नुसत्या शिशाची असल्यामुळे नळीत शिसं चिकटतं. दीडशे राउंडांनंतर ब्रश फिरवला नाही तर शॉट पसरायला लागतात. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नका, हे नव्या मुलांना मी दर वेळी सांगतो.

सगळ्यात मोठी अडचण काडतुसांची, आणि तिची मला खरोखर हळहळ वाटते. रेंजपासून फार लांब नसलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बत्तीस लाँगची काडतुसं तयार होतात. पण ती मामांच्या रिव्हॉल्व्हरसाठी, गोल तोंडाची. त्यांची गोळी पुंगळीबाहेर डोकावते. आमच्या पिस्तुलाचं मॅगझिन पुंगळीत पूर्ण बुडालेल्या वॉडकटरच्या मापाचं, त्यात ती बसतच नाहीत. म्हणून आम्ही परदेशी वॉडकटरवर अवलंबून. खेप आली की क्लबात वाटणी होते आणि माझ्या वाट्याला महिन्याला सव्वाशेच्या आसपास राउंड येतात. आपले नेमबाज जसपाल राणांनी १९९४च्या हिरोशिमा आणि २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, दोह्यात ५९० गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली. अशी परंपरा असलेल्या प्रकारासाठी वॉडकटर देशात व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, हेही लक्षात घ्या. ज्यांचं ध्येय तिथलं आहे त्यांनी बत्तीसवर वर्ष घालवू नये. ज्यांचा टू-टूचा स्कोअर ५५०च्या खाली आहे त्यांनीही थांबावं, कारण मोजक्या काडतुसांवर पाया घालता येत नाही. बाकीच्यांनी जरूर घ्यावं. माझी सध्याची घडी अशी: आठवड्यात चार दिवस टू-टू, रोज रात्री वीस मिनिटं बत्तीसचं ड्राय फायर, आणि शनिवारी सकाळी तीस राउंड, पंधरा प्रिसिजन, पंधरा रॅपिड. या शनिवारचे पंधरा रॅपिड १४३ आले, आणि त्यातला एकही शॉट खाली डावीकडे नव्हता.