स्टोरेज गीझर की इन्स्टंट: देखभालीच्या अंगाने तुलना

गीझर घेताना बहुतेकजण टाकी किती लिटरची आणि पाणी किती वेळात तापते, एवढेच पाहतात. त्याची निगा कोण राखणार, हा प्रश्न पहिली कॉइल जळाल्यावरच निघतो. विजेवर चालणाऱ्या, पाणी तापवून साठवणाऱ्या स्टोरेज आणि लागेल तसे तापवून देणाऱ्या इन्स्टंट गीझरमधला महत्त्वाचा फरक मात्र याच प्रश्नाशी जोडलेला आहे.

शत्रू दोघांचाही एकच, पाण्यातले क्षार. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचे नेमके उलट असते. पाणी जितके तापेल तितके ते बाहेर पडते आणि कॉइलवर पांढऱ्या पुटासारखे बसते. हे पूट उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचू देत नाही, त्यामुळे कॉइल आतल्या आत तापत राहते आणि शेवटी जळते.

स्टोरेज गीझर या बाबतीत सोशिक असतो. 15 किंवा 25 लिटरच्या टाकीत क्षारांचा बराचसा गाळ तळाशी साचतो, पाणी तापताना कडकड किंवा खदखदण्याचा आवाज येऊ लागतो, आणि हा आवाज म्हणजे टाकी साफ करून घेण्याची आगाऊ सूचनाच असते. पण या गीझरमध्ये एक भाग असा आहे, ज्याची आठवण कोणी करून देत नाही: अ‍ॅनोड रॉड. पोलादी टाकीला आतून काचेसारखे एनॅमल दिलेले असले, तरी त्यातल्या बारीक फटींतून पोलाद गंजू शकते. ते वाचवण्यासाठी मॅग्नेशियमची ही दांडी स्वतः झिजत राहते. बाहेर काढल्यावर ती जागोजाग खाल्लेली, खडबडीत आणि मधली तार उघडी पडलेली दिसली, तर बदलायची वेळ टळत चालली आहे असे समजावे. ती पूर्ण संपली की पुढचा नंबर टाकीचा. रॉडची किंमत टाकीच्या मानाने अगदी किरकोळ असते, तरीही तो वर्षानुवर्षे तपासला जात नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दलचा, म्हणजे टाकीतला जादा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेबद्दलचा, एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले, की ते सुमारे दीड टक्का, म्हणजे पाव लिटरहून अधिक फुगते. पाण्याला मागे जायला वाट नसेल, तर तापताना व्हॉल्व्हमधून थेंब पडणे स्वाभाविक आहे. गळती समजून त्याचे तोंड बंद करणे हा मात्र जिवाशी खेळ आहे.

इन्स्टंट गीझरची देखभाल त्यामानाने थोडकी. बहुतेकांत अ‍ॅनोड नसतो, जेमतेम 3 लिटरच्या टाकीत गाळ साठायला जागा नसते, आणि सायट्रिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने ती साफ करणे जाणकार माणसाला अवघड नाही. अडचण अशी की 3 किलोवॉटची कॉइल एवढ्याशा पाण्यात सतत झुंजत असते, त्यामुळे क्षारयुक्त पाण्यात पूट लवकर चढते आणि बिघाड फारशी चाहूल न देता येतो. शिवाय पाण्याचे तापमान 20 अंशांनी वाढवायचे, तर मिनिटाला साधारण 2 लिटरच पाणी मिळते. जास्त पाणी हवे असलेल्या घराने निगेचा विचार करण्याआधीच हा पर्याय सोडून द्यावा.

थर्मोस्टॅट कमी तापमानावर ठेवला की क्षार कमी बसतात, हे खरे आहे. परंतु साठवलेल्या पाण्यात न्यूमोनियासारखा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू साधारण 20 ते 45 अंशांत वाढतात, म्हणून स्टोरेज गीझर 60 अंशांच्या आसपास ठेवणे आणि पाणी थंड पाण्यात मिसळूनच वापरणे इष्ट, कारण 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते.

पाणी क्षारयुक्त असेल आणि वर्षातून एकदा टाकी उघडून घेण्याची शिस्त घरात असेल, तर मी स्टोरेजच घेईन. भाड्याच्या घरात, केवळ भांडी धुण्यासाठी, किंवा देखभाल होणारच नाही अशी खात्री असेल तिथे इन्स्टंट बरा, कारण त्यात बिघाड झाला तरी तो बहुधा कॉइलपुरताच राहतो. स्टोरेज ठरलाच, तर तो भिंतीवर चढवण्यापूर्वी एक माप घ्यावे: उभ्या गीझरचा रॉड खालून निघतो, म्हणून त्याच्या खाली रॉडच्या लांबीएवढी मोकळी जागा राहते का, ते पाहावे.