वीस कागदांचं पाकीट काट्यावर ठेवा

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हातारबा आमच्या ओट्यावर येऊन बसले. एका हातात त्यांच्या काळ्याचा फोटो अन् दुसऱ्या हाताचा अंगठा काजळ लावल्यासारखा काळाकुट्ट. म्हणाले, "पोरी, बैल माह्या बोटाले लागून रायला." शेजारच्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही, कारण आदल्या दिवशी मी तसले तेवीस फोटो गावात वाटून बसले होते, ऐंशी रुपयाला एक.

मी दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहते. घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्स, पीकविम्याचे अर्ज, सातबारा अन् पासपोर्ट फोटो, असं सगळं एका टेबलावर चालतं. प्रिंटर घरगुती, बाजूला शाईच्या टाक्या असलेला. दोन-तीन वर्षांपासून पोळ्याला लोक बैलजोडीचा मोठा फोटो मागतात. नवी झूल, शिंगाला बेगड, बाशिंग, अन् मध्ये मालक. माझ्यासाठी तो सीझनच.

पोळ्याच्या आठ दिवस आधी एक जण मोटारसायकलवर आला. गळ्यात ओळखपत्र, मागे मोठी बॅग. "ताई, कंपनीची स्कीम आहे. दोनशे सत्तर जीएसएमचा ग्लॉसी फोटो पेपर, वीस कागदांचं पाकीट दीडशेला." जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचा आकडा, जितका मोठा तितका कागद जाड. तालुक्याला मला तेच पाकीट दोनशे साठला पडतं. मी म्हटलं, आधी दाखवा. त्यानं बॅगेतून एक कागद काढला, माझ्याच प्रिंटरमध्ये घातला, माझ्याच मोबाइलमधला पोरीचा फोटो छापला. बाहेर आल्याबरोबर त्यावर बोट घासलं. काही निघालं नाही. रंग तर असे की मीच पोरीला हाक मारून दाखवला. दहा पाकिटं घेतली, पंधराशे रुपये. बिल विचारलं तर म्हणाला, "मोबाइलवर येते न ताई." ते अजून यायचंच आहे.

त्यानं दाखवलेला कागद त्याच्या बॅगेतला होता. मला दिलेलं एकही पाकीट त्यानं माझ्यासमोर फोडलं नाही. ही एवढी गोष्ट मला तेव्हा दिसायला पाहिजे होती.

पोळ्याच्या संध्याकाळी छपाई सुरू केली. पहिलाच फोटो ओला बाहेर आला. झुलीचा लाल रंग कागदात जिरायच्या ऐवजी वर थेंबाथेंबानं गोळा झाला होता, धोप्याच्या पानावर पाणी थांबतं तसा. काळ्या बैलाच्या पाठीवर बारीक टिंबांची सरळ रेघ उठली होती. प्रिंटरमधून कागद बाहेर काढणारी जी छोटी दातेरी चाकं असतात ना, त्यांची ती पावलं. शाई ओली राहिली की चाकं तिच्यावरून चालत जातात. मी त्या माणसाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "पावसाळी हवा आहे ताई, सुकाले वेळ लागते. रात्रभर पंख्याखाली ठेवा." आता यात खोटं काय? दमट हवेत शाई उशिरा सुकते, कागद ओल धरतो, हे खरंच आहे. खोटं बोलणाऱ्यानं त्यात एक खरी गोष्ट घातली की आपण गप्प बसतो. रात्री साडेदहाला लाइट गेली, पंखा बंद पडला अन् मला वाटलं, म्हणूनच सुकले नाहीत. सकाळी वरवर कोरडे दिसले तसे वाटून दिले.

म्हातारबा गेल्यावर मी प्रिंटरची सेटिंग उघडली. इथं माझीही चूक निघाली, ती लपवत नाही. कागदाचा प्रकार 'प्लेन पेपर' राहिला होता. छपाईआधी दिवसभर अर्ज छापले होते, बदलायचं विसरले. माझ्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची आहे अन् रंगीत तीन डायच्या. डायमध्ये रंग विरघळलेला असतो, पिगमेंट म्हणजे शाईत रंगाचे बारीक कण असतात. साध्या कागदावर ते कण घट्ट बसतात, चकचकीत कागदावर वरच राहतात अन् बोटाला येतात. सेटिंगमध्ये 'ग्लॉसी फोटो पेपर' निवडलं की माझा प्रिंटर ती काळी टाकी वापरत नाही, तीन रंग मिसळून काळा तयार करतो. सेटिंग बदलून पुन्हा छापलं. काजळ यायचं थांबलं. पण लाल, निळा तसाच गोळा होत होता अन् बोट लावलं की फरफटत होता.

मग नोझल चेक काढलं, म्हणजे शाई फवारणाऱ्या हेडची बारीक छिद्रं मोकळी आहेत का ते पाहायची छपाई, साध्या कागदावर. चारही रंगांच्या रेघा अखंड, एकही तुटलेली नाही. तरी मनात शंका म्हणून तीनदा हेड क्लीनिंग केलं. त्यात शाई मात्र भरपूर गेली, कारण क्लीनिंगची सगळी शाई आतल्या पॅडमध्ये जाऊन पडते. फोटो तसाच.

पुन्हा फोन. या वेळी त्याचा आवाज चढला. "ताई, कागद खराब असता तर तुमच्याच प्रिंटरवर माह्या हातचा फोटो कसा आला? हेड गेलं तुमचं. आमचा मेकॅनिक पाठवतो." मला हे पटलं! त्याचा कागद अन् माझा कागद एकच, हे मी गृहीत धरलं होतं, अन् त्याचं सगळं बोलणं त्या एका गृहीतावर उभं होतं.

मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आला. पोरगा गोड बोलणारा, मला वहिनी म्हणे. झाकण उघडून टॉर्च मारली अन् मान हलवली. "मशीनवर न्यावं लागते वहिनी." प्रिंटर घेऊन गेला, दिवेलागणीला परत आणला. नवीन हेड टाकलं म्हणाला, दोन हजार आठशे, अन् रोख द्या म्हणजे जीएसटी लागणार नाही. खात्री म्हणून एक फोटो काढून दाखवला. झकास. कागद कुठला? त्याच्या पिशवीतला. तीच युक्ती, तेच टेबल, अन् मी दुसऱ्यांदा पैसे मोजले. घरच्यांनी विचारलं, जुनं हेड कुठं आहे? मागितलंच नव्हतं. हेड बदललं की नाही हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ज्या हेडची नोझल चेकमध्ये एक रेघ तुटत नव्हती, ते बदलायची गरज काय होती?

रात्री माझ्या पाकिटातला कागद घातला. झूल पुन्हा गोळा झाली.

माझा भाचा अमरावतीला लग्नपत्रिकेच्या छापखान्यात आहे. त्याला व्हिडिओ कॉल केला. त्यानं हेडचं नावही घेतलं नाही. "मामी, घरात दुसरा कुठला फोटो पेपर आहे का? एखादा जुना?" शिवणाच्या डब्यात मागच्या वर्षीचे चार-बाय-सहाचे चार कागद सापडले. एक छापला. बाहेर आला तोच कोरडा. मी प्रिंटरसमोर तशीच बसून राहिले.

"आता तुझं पाकीट किराणाच्या काट्यावर ठेव," तो म्हणाला. हिशेब त्यानं असा सांगितला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर आकाराचे सोळा कागद म्हणजे एक चौरस मीटर. म्हणजे 270 जीएसएमचा एक कागद साधारण 17 ग्रॅमचा अन् वीस कागद 337 ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजेत. 180 जीएसएमचे वीस भरतात 225. माझं न फोडलेलं पाकीट प्लास्टिकसकट भरलं 175 ग्रॅम! दुकानदारानं काटा शून्य करून पुन्हा ठेवलं, तेवढंच. प्लास्टिक वजा केलं तर तो कागद 140 जीएसएमच्याही खाली होता.

वजनापेक्षा मोठी गोष्ट पुढे कळली. हा इंकजेटचा, म्हणजे माझ्यासारख्या ओल्या शाईच्या प्रिंटरचा, कागदच नव्हता. इंकजेटच्या फोटो पेपरवर शाई पिणारा एक थर असतो. चांगल्या आरसी (रेझिन कोटेड) कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचं अस्तरही असतं, म्हणून त्याची मागची बाजू हाताला गुळगुळीत लागते. स्वस्तातल्या कास्ट कोटेडची पाठ साध्या कागदासारखी लागते, तो वळतोही लवकर, पण शाई पितो तरी. माझ्याकडे आलेला होता छापखान्यात अन् लेझर प्रिंटरला वापरतात तो चकचकीत आर्ट पेपर. लेझरमध्ये पावडर उष्णतेनं वितळून कागदावर चिकटते, तिथं हा चालतो. पाण्यासारख्या शाईला तो आत घेत नाही. भाच्यानं कोपऱ्यावर ओलं बोट टेकवायला सांगितलं. जुन्या कागदाला बोट किंचित चिकटलं. नव्यावरून घसरलं. दहा पैशाचाही खर्च नसलेली ही परीक्षा पंधराशे रुपये द्यायच्या आधी करता आली असती.

पाकिटावर मोठ्या अक्षरात 270 छापलंय, पण बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, तक्रारीचा नंबर नाही. बंद पाकिटावर हे असावंच लागतं, कायदाच आहे तसा. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला तर पहिला प्रश्न आला, बिल आहे का अन् विक्रेता कोण? माझ्याकडे एक बंद पडलेला मोबाइल नंबर अन् पंधराशेची यूपीआयची नोंद. मेकॅनिकचे तर रोख दिलेले, त्याची नोंदही नाही. जीएसटी वाचवायला गेले अन् पुरावाच दिला सोडून.

आमच्या पट्ट्यात हा मोटारसायकलवाला अजून फिरत असेल. दिवाळी तोंडावर आहे, मग लग्नसराई. तुमच्याकडे आला तर त्याच्या बॅगेतला कागद छापू देऊ नका. तुम्ही घेणार ते पाकीट तुमच्या हातानं फोडा, त्यातला मधला कागद काढून छापा. त्याला घाई असली तर त्याला जाऊ द्या.

तेवीसचे तेवीस फोटो मी तालुक्याहून कागद आणून पुन्हा काढून दिले. दोन घरचे म्हणाले, राहू दे न वहिनी, चालते. नाही चालत म्हटलं. उरलेल्या कागदांवर पोरगी आकाशकंदिलाची शेपटं कापते आहे.

म्हातारबांचा फोटो मी स्वतः नेऊन दिला. त्यांनी तो उजेडात धरला, काळ्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, जरा जोरातच. मग फोटो बाजूला ठेवून आधी अंगठा पाहिला.